बसमार्गाला हरकत घेता येते, तालुक्याला नाही

(बडोदे येथील मराठी भाषकांच्या सभेत आमच्या संपादकांनी केलेले भाषण. जागेच्या अडचणीमुळे किंचित संक्षेप करून ते येथे देत आहोत.)



सीमाभागातला माणूस व्यासपीठावर उभा राहिला, की तो लाठीमाराचे, तुरुंगवासाचे आणि हुतात्म्यांचे बोलणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. ती वावगी नाही. १७ जानेवारी १९५६ हा दिवस बेळगाव विसरलेले नाही आणि विसरणारही नाही. तथापि आज मी तुमच्यापुढे एक अत्यंत रुक्ष विषय घेऊन आलो आहे. तो विषय म्हणजे मोटारीचा कायदा. एस.टी.च्या गाड्या, आगारे, परवाने, कर, चलने आणि जप्तीचे कागद यांच्याविषयी मी बोलणार आहे. माझ्या काही मित्रांनी निघताना विचारलेही की, अरे, बडोद्यास जाऊन तू आर.टी.ओ.चे पुराण सांगणार काय? मी म्हटले, होय. कारण सरकार नावाची वस्तू सामान्य माणसाला विधानसभेत भेटत नाही. ती त्याला रस्त्यावर, हात वर करून गाडी थांबवणाऱ्या अधिकाऱ्याच्या रूपाने भेटते.

बेळगावहून मोटारीने येथे यावयाचे म्हणजे दोन सीमा ओलांडाव्या लागतात. निघताना गाडीवर के.ए. २२ असते. कोगनोळी मागे टाकली की आजूबाजूस एम.एच. ०९ दिसू लागते आणि घरची माणसे भेटल्यासारखे वाटते. हा वेडेपणा आहे हे मला ठाऊक आहे, पण वाटते खरे. पुढे तलासरी सोडून उंबरगाव तालुक्यात शिरलो की जी.जे. सुरू होते, आणि बडोद्यास जी.जे. ०६. हा उंबरगाव १९६० पर्यंत ठाणे जिल्ह्यातला. २०१९ साली गुजरात सरकारने आपली आर.टी.ओ. तपासणी नाकी बंद केली, त्यामुळे तेथे आता पूर्वीसारखे खोळंबून राहावे लागत नाही. म्हणजे सीमा ही निसर्गाने घातलेली नसते आणि नाकेही नसते. सरकारच्या मनात आले की ते उठते.

आता थोडे मागे जाऊ. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर मुंबई राज्याच्या सरकारी वाहतुकीची पहिली गाडी धावली. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्या दिवसापासून ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत, म्हणजे साडेसात वर्षे, तुमचे बडोदे आणि आमचे बेळगाव एकाच राज्यात नांदत होते. एकच सचिवालय, एकच विधानसभा आणि एकच सरकारी मोटारवाहतूक. बेळगावच्या स्टँडवर उभी राहणारी गाडी आणि बडोद्याच्या स्टँडवर उभी राहणारी गाडी एकाच धन्याची होती.

पुढे या घराच्या दोन वाटण्या झाल्या. पहिली १ नोव्हेंबर १९५६ ला. त्या वेळी बेळगाव, धारवाड, विजापूर आणि कारवार हे चार जिल्हे म्हैसूर राज्यात गेले. दुसरी १ मे १९६० ला, जेव्हा महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले. दोन्ही वाटण्यांच्या वेळी एक प्रश्न सरकारपुढे उभा राहिला: या मोटारवाहतुकीचे काय करावयाचे? शेकडो गाड्या, आगारे, कार्यशाळा, टायर, सुटे भाग, डिझेलच्या टाक्या, बँकेतील रकमा, देणी, आणि हजारो ड्रायव्हर, कंडक्टर, मेकॅनिक. हे सारे कोणाचे?

सरकारने या प्रश्नाचा विचार किती बारकाईने केला ते पाहण्यासारखे आहे. १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्यात १९५६ सालच्या पुनर्रचनेसाठी म्हणून सत्तेचाळीस-अ हे एक नवे कलमच घालण्यात आले. महामंडळाचे विभाजन करावयाचे तर राज्य सरकारने योजना तयार करावी, ती केंद्राकडे पाठवावी, केंद्राने संबंधित राज्यांशी विचारविनिमय करावा आणि मग आदेश काढावा. त्या आदेशात मालमत्ता कोणाकडे जाईल, हक्क कोणाचे, देणी कोणाची आणि नोकरवर्ग कोणत्या अटींवर कोणाकडे वर्ग होईल, या सर्वांची तरतूद करावी, असे ते कलम सांगते. कंडक्टरच्या सेवाशर्तींचासुद्धा त्यात विचार आहे. १ मे १९६० रोजी गुजरात राज्य मार्ग वाहन व्यवहार निगम जन्मास आले ते ७ विभाग, ७६ आगारे आणि १,७६७ गाड्या घेऊन. गाडी आणि गाडी मोजून दिली गेली. त्यात गैर काही नाही. भाऊ वेगळे होताना भांडी मोजावीच लागतात.

परंतु माणसांची वाटणी कशी झाली? राज्य पुनर्रचना कायद्यात सरकारी जमीन, सामान आणि माल यांच्याविषयी एक साधा नियम आहे. जो माल ज्या राज्याच्या हद्दीत असेल, तो त्या राज्याचा. बेळगावच्या आगारात उभी असलेली गाडी म्हैसूरची, कोल्हापूरच्या आगारातली मुंबईची. लोखंडाच्या बाबतीत हा नियम योग्यच आहे, कारण लोखंडाला मन नसते. दुर्दैव असे की बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार येथील लक्षावधी मराठी माणसांनाही नेमका हाच नियम लावण्यात आला. ज्या हद्दीत सापडलात, त्या राज्याचे झालात. आगारातला टायर आणि आगारासमोरचा माणूस यांच्यात कायद्याने भेद केला नाही.

यावर कोणी म्हणेल की जिल्हा हा घटक धरल्यावर दुसरे काय होणार? तर त्याचे उत्तर त्याच कायद्यात आहे. बेळगाव जिल्हा म्हैसूरला देताना त्यातला चंदगड तालुका वगळण्यात आला आणि तो मुंबई राज्यात, कोल्हापूर जिल्ह्यात ठेवण्यात आला. म्हणजे तालुका वेगळा काढता येत होता. एका तालुक्याच्या बाबतीत जे सुचले, ते शेजारच्या खानापूरच्या बाबतीत का सुचले नाही, याचे उत्तर आजपर्यंत आम्हांला कोणी दिलेले नाही.

आता मी तुम्हांला मोटारीच्या कायद्यातीलच एक गोष्ट सांगतो. माझ्या मते आमच्या प्रश्नाचे मर्म त्या गोष्टीत आहे.

त्याच १९५६ साली, त्याच संसदेने १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती करून चार-अ हे प्रकरण घातले. एखादा मार्ग खासगी बसवाल्यांकडून काढून सरकारी महामंडळाकडे द्यावयाचा असेल, तर काय करावे हे त्यात सांगितले आहे. प्रथम योजनेचा मसुदा प्रसिद्ध करावयाचा. ज्याला त्या योजनेची झळ पोहोचते त्याने तीस दिवसांत हरकत घ्यावी. सरकारने त्याचे म्हणणे समक्ष ऐकावे आणि मगच योजना मंजूर करावी. पुढे आंध्रातील कृष्णा जिल्ह्यात अशी एक योजना आली. हरकती घेणाऱ्यांचे म्हणणे ऐकले खात्याच्या सचिवांनी आणि मंजुरी दिली मुख्यमंत्र्यांनी. बसवाले सर्वोच्च न्यायालयात गेले. गुलापल्ली नागेश्वरराव यांचा तो खटला. निकाल १९५८ च्या नोव्हेंबरमधला. न्यायालयाने ती मंजुरी रद्द केली. ज्या खात्याची योजना, त्याच खात्याच्या सचिवाने हरकती ऐकणे हे न्यायाला धरून नाही. आणि एकाने ऐकावयाचे व दुसऱ्याने ठरवावयाचे, ही सुनावणीच नव्हे, असा त्या निकालाचा आशय आहे.

मित्रहो, या गोष्टीचा जरा विचार करा. एका बसमार्गासाठी मसुदा, तीस दिवस, समक्ष सुनावणी, आणि सुनावणीत खोट निघाली तर सर्वोच्च न्यायालय पाठीशी. एका बसमालकाचा दहा कोसांचा मार्ग जातो म्हणून केवढा बंदोबस्त! आणि ज्या वर्षी हा बंदोबस्त झाला, त्याच वर्षी अख्खे तालुके एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेले, तेव्हा तेथल्या रहिवाशाला हरकतीचा एक कागद देण्याचीही सोय नव्हती.

मी अतिशयोक्ती करू इच्छित नाही. फाजल अली आयोगाने निवेदने घेतली होती. विधेयक राज्यांच्या विधानमंडळांकडे मतप्रदर्शनासाठी गेले होते. १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला, त्यानेही लोकांचे ऐकले. हे सारे खरे आहे. परंतु निर्णय १९५६ चा आणि सुनावणी दहा वर्षांनंतरची, याला सुनावणी म्हणावयाचे काय? महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवले. भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता आणि खेडे हा घटक, ही जी कसोटी पाटसकरांनी आंध्र आणि मद्रास यांच्यामध्ये लावली होती, ती येथे लावली गेली नाही. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. दोन दशके उलटली तरी त्याचा निकाल लागलेला नाही. बसवाल्यांचा निकाल त्या मानाने किती लवकर लागला!

आता कराचे पाहा. मुंबईच्या विधानसभेने १९५८ साली मोटार वाहन कराचा कायदा केला. तेव्हा विशाल द्वैभाषिक राज्य होते. बडोद्याचे आमदार मुंबईस बसत होते आणि कोल्हापूर, नागपूरचेही. पुढे राज्य दुभंगले, पण कायदा दोघांनीही घरी नेला. महाराष्ट्रातही तोच राहिला आणि गुजरातेतही तोच. फार वर्षांनी, २०११-१२ च्या सुमारास, दोन्ही राज्यांनी त्याच्या नावातला ‘मुंबई’ हा शब्द काढून आपापले नाव घातले. एका आईची दोन लेकरे, आडनावे तेवढी बदलली. त्या विधानसभेत बेळगावचा प्रतिनिधी मात्र नव्हता. तो दोन वर्षांपूर्वीच बंगळुरास पोहोचला होता आणि त्याला १९५७ चा म्हैसूरचा कर-कायदा लागू झाला होता. बडोद्यातील गुजराती माणसाला आणि कोल्हापुरातील मराठी माणसाला कराचा एकच कायदा होता. कोल्हापूरच्या आणि बेळगावच्या सख्ख्या भावांना दोन.

हे केवळ इतिहासाचे कुतूहल नाही. सीमाभागात एक भाऊ गडहिंग्लजला आणि दुसरा बेळगावात, मुलगी निपाणीची आणि जावई कागलचा, हे घरोघरी आहे. गाडी एकाची, वापरतो दुसरा. केंद्राचा १९८८ चा कायदा म्हणतो की गाडी परराज्यात बारा महिन्यांहून अधिक राहिली तर तेथला नवा नोंदणी क्रमांक घ्यावा. कर्नाटकाने २०१४ साली आपल्या कर-कायद्यात दुरुस्ती केली आणि तीस दिवसांहून अधिक राहिलेल्या परराज्यातील गाडीकडून आजीवन कर मागण्याची तजवीज केली. उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी २०१६ साली ती तरतूद टिकू दिली नाही. पण मधल्या काळात एम.एच. ०९ ची गाडी दारात उभी ठेवणारा जावई चोरासारखा वागत होता, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. गाडीवर ताडपत्री घालून ठेवीत असे बिचारा!

रिक्षावाल्याचे तर याहून अवघड. शिनोळी हे चंदगड तालुक्यातले, म्हणजे महाराष्ट्रातले गाव. तेथून बेळगावची बाजारपेठ हाकेच्या अंतरावर. चंदगडच्या माणसाचे इस्पितळ, कॉलेज, लग्नाचा बस्ता, सारे बेळगावात. परंतु चंदगडचा रिक्षावाला पेशंट घेऊन बेळगावात शिरला तर त्याचा परवाना त्या हद्दीत चालत नाही. परराज्याची प्रतिस्वाक्षरी हवी. वडापवाल्याची तीच गत. कलम २०७ खाली विनापरवाना गाडी अडकवून ठेवण्याचा अधिकार अधिकाऱ्याला आहे, आणि तो अधिकार रास्तही आहे, कारण परवान्याविना गाड्या धावू लागल्या तर प्रवाशाचा जीव स्वस्त होईल. मी वडापवाल्यांचा वकील म्हणून आलेलो नाही. जीपच्या टपावर माणसे बसवून नेणाऱ्यांविरुद्ध आमच्या पत्रात आम्ही लिहिलेले आहे आणि त्याबद्दल शिव्याही खाल्ल्या आहेत. माझे म्हणणे इतकेच की जेथे सीमा घरातून गेली आहे, तेथे सीमेचा कायदा घर ओळखून करावयास हवा.

आणि तो करता येतो. १९८८ च्या कायद्यातील अठ्ठ्याऐंशीव्या कलमाप्रमाणे दोन राज्ये आपसांत करार करून परस्परांच्या परवान्यांना मान्यता देऊ शकतात. त्याच कलमात असेही म्हटले आहे की असा करार करण्यापूर्वी त्याचा मसुदा राजपत्रात आणि त्या भागात खपणाऱ्या प्रादेशिक भाषेतील वृत्तपत्रांत प्रसिद्ध करावा, आणि लोकांना म्हणणे मांडण्यास तीस दिवसांहून कमी मुदत देऊ नये. ‘त्या भागात खपणारे प्रादेशिक भाषेतील वृत्तपत्र’ हे शब्द माझे नव्हेत, ते संसदेचे आहेत. बेळगावात मराठी वृत्तपत्रे खपतात की नाही, हे विचारावयास कोणी आयोग नेमावा लागणार नाही. सकाळी सहा वाजता कोणत्याही स्टॉलवर उभे राहिले म्हणजे पुरे.

भाषेचा प्रश्न येथे येतो. एक प्रसंग सांगतो.

सीमाभागातल्या एका खेड्यातला दूधवाला आमच्या कचेरीत आला. वय साठीच्या घरात. चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेला. त्याच्या मुलाची मोटारसायकल रस्त्यात अडवून ठेवण्यात आली होती. विमा संपला होता. चूक त्यांचीच होती आणि तो ती नाकारीत नव्हता. अधिकाऱ्याने त्याच्या हातात एक छापील कागद दिला आणि सही घेतली. कागद संपूर्ण कानडीत. म्हाताऱ्याने समजून घेतले की ही दंडाची पावती. त्याने ती घडी घालून देवघरात ठेवली. वस्तुतः तो न्यायालयात हजर राहण्याचा समन्स होता आणि तारीख उलटून गेली होती. आता वॉरंट निघाले होते. आमच्याकडे कानडी वाचणारा सहकारी आहे, त्याने तो कागद वाचून दाखवला. म्हातारा ऐकत होता आणि शेवटी एवढेच म्हणाला, “साहेब, हे त्यांनी मला तोंडानं का नाही सांगितलं? त्यांना मराठी येत होतं की.”

मी पुढे त्या अधिकाऱ्याला भेटलो. माणूस सज्जन. घरी कानडी, बाजारात मराठी, आमच्याकडे पुष्कळांचे असते तसे. तो म्हणाला, “मी तरी काय करू? नमुना वरून एकाच भाषेत छापून येतो. तोंडी सांगितलं तर म्हणतात, तू त्याला सवलत दिलीस.” मला त्याचा राग आला नाही. राग आला तो त्या नमुन्याचा. समन्स हा कागद कशासाठी असतो? ज्याला बोलावले त्याला बोलावल्याचे कळावे म्हणून. तो ज्याला वाचता येत नाही त्याच्या हातात दिला, तर कायद्याचे पालन कोणी केले नाही? दूधवाल्याने, की कायद्याने?

आम्ही मागतो ती कृपा नाही. १९५६ साली राज्ये बनवतानाच केंद्र सरकारने भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचे निवेदन संसदेपुढे ठेवले. १९६१ च्या ऑगस्टमध्ये सर्व मुख्यमंत्री दिल्लीत जमले, तेव्हा ज्या जिल्ह्यात वा तालुक्यात एखाद्या भाषेचे लोक पंधरा टक्क्यांवर आहेत तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना, नियम आणि कायदे त्या भाषेतही प्रसिद्ध करावयाचे ठरले. त्या बैठकीत म्हैसूर राज्यही होते. पंधरा टक्के! खानापूर तालुक्यात आमचे पंधरा टक्के भरतात की नाही, याचा हिशेब मी येथे मांडीत बसत नाही. तुम्हांला हसू येईल. पण छापील नमुना अजून एकाच भाषेत येतो. १९६३ चा राजभाषा कायदा, १९८१ चा स्थानिक संस्थांच्या भाषेचा कायदा, २०२२ चा कन्नड भाषा समग्र विकासाचा कायदा, असे एकावर एक कायदे झाले. १९६१ च्या ठरावाला मात्र वारस मिळाला नाही.

कानडी मित्र आम्हांला विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे, की तुम्ही कानडी का शिकत नाही? बडोद्याचे मराठी लोक गुजराती शिकले ना? म्हणूनच मी बडोद्याचे उदाहरण बडोद्यातच उभे राहून तपासावयाचे ठरवले.

येथे दांडिया बाजारात, रावपुऱ्यात फिरताना पाहिले की मराठी घरांतली मुले गुजराती किती सहज बोलतात. घरी मराठी, दुकानात गुजराती, आणि दोहोंत कसलाही अवघडलेपणा नाही. हे तुमचे मोठेपण आहे आणि गुजराती समाजाचेही. पण याच्या मुळाशी काय आहे? नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा एक मराठी मुलगा १८७५ साली या गादीवर बसला. राज्यकर्ता मराठी, दरबारी मराठी, सरदार मराठी. त्याला मनात आणले असते तर प्रजेवर मराठी लादणे अवघड होते काय? सयाजीरावमहाराजांनी ते केले नाही. प्रजा गुजराती, म्हणून राज्यकारभाराची आणि न्यायालयाची भाषा गुजराती ठेवली. कायदा प्रजेला कळला पाहिजे, यासाठी त्यांनी केवढा खटाटोप केला! १९३१ साली येथून ‘श्री सयाजी शासन शब्दकल्पतरु’ हा कोश निघाला. इंग्रजी कायद्यातील एकेका शब्दाला गुजराती, मराठी, संस्कृत, फारसी, हिंदी अशा अनेक भाषांतील प्रतिशब्द शेजारी शेजारी मांडून त्यांतून योग्य तो निवडावयाचा, असे ते काम. समन्स, वॉरंट, जप्ती, तारण या शब्दांसाठी एका राजाने पंडित बसवले, कारण न्यायमंदिराच्या पायऱ्या चढणाऱ्या कुणब्याला आपल्यावर काय आरोप आहे ते समजावे.

आमच्या दूधवाल्याला या राज्यात तो कागद मिळाला असता, तर तो त्याच्या भाषेत मिळाला असता. बडोद्याचे मराठी राज्य गुजराती प्रजेशी जसे वागले, तसे कर्नाटकाने आपल्या मराठी प्रजेशी वागावे, ही मागणी अतिरेकी आहे काय?

कानडी शिकण्याविषयी म्हणाल तर आम्ही शिकतो. माझी मुले शाळेत कानडी शिकली. कानडी ही थोर भाषा आहे आणि तिच्याशी आमचे वैर असण्याचे कारण नाही. परंतु तुमच्यात आणि आमच्यात एक भेद आहे. तुमचे पूर्वज पिलाजीरावांबरोबर, दमाजीरावांबरोबर या भूमीत आले, येथे रुजले, आणि या भूमीची भाषा त्यांनी आपली मानली. आम्ही कोठेही गेलो नाही. आम्ही जागच्या जागी होतो. एका रात्रीत आमच्या पायाखालचे राज्य बदलले. आलेल्याने घरधन्याची भाषा शिकावी हा शिष्टाचार आहे. घरात बसलेल्यावर ती समन्सातून लादावी याला शिष्टाचार म्हणत नाहीत.

जगात हे कोठे झालेच नाही असेही नाही. इटलीच्या उत्तरेस दक्षिण तिरोल म्हणून डोंगराळ प्रांत आहे. पहिल्या महायुद्धानंतर तो ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला. लोक जर्मन भाषक. मुसोलिनीने त्यांच्या शाळा बंद केल्या, गावांची नावे बदलली. दुसऱ्या महायुद्धानंतर भांडण पुष्कळ वर्षे चालले, बाँबही फुटले. अखेर १९७२ च्या स्वायत्ततेच्या कायद्याने मार्ग निघाला. आज तेथे रस्त्यावरच्या पाट्या दोन भाषांत आहेत आणि सरकारी कचेरीने नागरिकाशी त्याच्या भाषेत व्यवहार करावयाचा असतो. त्यामुळे इटलीचे काही बुडाले नाही.

आता एक कटू गोष्ट. ती सांगितली नाही तर माझे भाषण अर्धवट राहील.

डिसेंबर २०२२ मध्ये बेळगावजवळ हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले. इकडे महाराष्ट्रात कर्नाटकाच्या गाड्यांना काळे फासले गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगाव तालुक्यात एका कंडक्टरला भाषेवरून मारहाण झाली, त्याचा सूड म्हणून चित्रदुर्गात महाराष्ट्राच्या एस.टी.च्या ड्रायव्हरला काळे फासले, आणि मग काही दिवस दोन्हीकडच्या गाड्या सीमेवर अडल्या. हाल कोणाचे झाले? मंत्र्यांचे नव्हेत. बेळगावच्या स्टँडवर बोचकी घेऊन बसलेल्या म्हाताऱ्यांचे झाले.

मी या चळवळीत वीस वर्षे आहे. आमच्या बाजूनेही गाड्यांवर दगड पडले आहेत. पडले नाहीत असे मी येथे सांगितले तर ते खोटे ठरेल. त्या वेळी आमच्यापैकी काहीजण गप्प बसले, त्यांत मीही एकदा होतो. ती चूक होती. ज्या गाडीची काच आपण फोडतो, ती कोणा मुख्यमंत्र्याची नसते. हुबळीचे वायव्य कर्नाटक महामंडळ काय किंवा आपली एस.टी. काय, ही १९५६ पूर्वीच्या एकाच खोडाला जुळलेली झाडे आहेत आणि त्यांची काच तिकिटाच्या पैशातून बसते. ते तिकीट काढणारा बहुतेक वेळा आपलाच असतो. ड्रायव्हर-कंडक्टरला मारणे ही तर केवळ भित्र्यांची मर्दुमकी.

तसेच आमच्या तरुणांच्या देवनागरी नंबरप्लेटचे. केंद्राच्या १९८९ च्या नियमांप्रमाणे क्रमांक इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत लिहावयाचा. तेथे कानडीलाही परवानगी नाही, गुजरातीलाही नाही आणि मराठीलाही नाही. तो नियम सर्वांना सारखा आहे. देवनागरी पाटी लावून दंड भरावयाचा आणि त्याला हौतात्म्य म्हणावयाचे, हे आम्हांला परवडणारे नाही. २०१७ साली ‘जय महाराष्ट्र’ या घोषणेवरून कर्नाटकात वादळ उठले तेव्हा महाराष्ट्राच्या परिवहन मंत्र्यांनी बेळगावला येणाऱ्या एस.टी.वर ती घोषणा लिहवून घेतली. आम्ही टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. गाडी आली, घोषणा दिसली, गाडी गेली. दूधवाल्याच्या हातातला कागद बदलला नाही.

म्हणून आम्ही आता वेगळे काम हाती घेतले आहे. विलीनीकरणाची मागणी कायम आहे, तिच्यात तसूभरही उणे नाही. परंतु दाव्याचा निकाल लागेपर्यंत माणसे रस्त्यावर चालावयाची थांबत नाहीत. जप्तीचा कागद, समन्स, चलन, परवान्याचा अर्ज, परवाना रद्द करण्याची नोटीस, हे पाच नमुने कानडी आणि मराठी अशा दोन भाषांत छापावेत, अशी मागणी आम्ही लेखी करीत आहोत. चंदगड आणि बेळगाव, कागल आणि निपाणी यांच्या दरम्यान रिक्षा आणि लहान प्रवासी गाड्यांसाठी अठ्ठ्याऐंशीव्या कलमाखाली दोन्ही राज्यांनी करार करावा, आणि त्याचा मसुदा मराठी वृत्तपत्रांतही प्रसिद्ध करावा, ही दुसरी मागणी. त्यात महाराष्ट्र सरकारलाही पुढाकार घ्यावा लागेल. मुंबईतील मंत्र्यांनी १ नोव्हेंबरला काळ्या फिती लावल्या, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. पण कराराचा मसुदा पाठवण्यासाठी काळी फीत लागत नाही, टंकलेखक लागतो.

बडोदेकरांकडे माझे एक मागणे आहे. येथे गुजराती आणि मराठी दोन्हींत पारंगत असलेले वकील आहेत, निवृत्त न्यायाधीश आहेत. संस्थानच्या काळातले गुजराती-मराठी समन्स, जप्तीचे हुकूम, नोटिसा तुमच्या घरातल्या पेट्यांत आणि पोटमाळ्यांवर अजून असतील. ते आम्हांला दाखवा. त्यांच्या नकला करू द्या. आमच्या अर्जासोबत आम्हांला ते जोडावयाचे आहेत, म्हणजे बंगळुरास कोणी म्हणाले की असा दोन भाषांतला कागद चालवणे अव्यवहार्य आहे, तर आम्हांला सांगता येईल की तो शंभर वर्षांपूर्वी बडोद्यात चालत होता. मी परवा सकाळपर्यंत येथे आहे.